सोमवारी कंप्युटर मोडणारे हरीभाऊ

दर सोमवारी सकाळी अंघोळ उरकून, देवापुढे दिवा लावून, कपाळाला गंध लावून हरीभाऊ मोकल आपला चांगला चालता कंप्युटर स्वतःच्या हाताने मोडतात. हातोडीने नव्हे. खुर्चीत बसतात, चष्मा पुसतात, एका बोटाने चार ओळी टाइप करतात आणि आतली एखादी मोक्याची फाइल उडवून देतात. पडदा काळा झाला की "गेलाऽऽ!" अशी आरोळी ठोकतात. ती भिंतीपलीकडून माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येते. मग मी गॅसवर चहाचं आधण ठेवतो. कारण आता तो कंप्युटर परत उठवायचा असतो, आणि माझा चहा उकळून, गाळून, पिऊन संपायच्या आत तो उठला पाहिजे असा हरीभाऊंचा दंडक आहे.

"अहो, धडधाकट माणसाला दर आठवड्याला पाडून कोणी औषध तपासतं का?" मी एकदा विचारलं.

"मग औषध लागू पडतंय का नाय, ते माणूस आडवा झाल्यावर बघायचं व्हय?" ते म्हणाले. मी चहा प्यायलो.

आम्ही दोघे अष्टमी गावात राहतो. पूल ओलांडला की रोहा. मी रोह्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो. सगळा जन्म माइकसमोर बसून गाड्या पुकारल्या. रिटायर होऊन वर्षं झाली तरी बाजारात लोक मला "पेण गाडी कधी हाय ओ?" असंच विचारतात आणि मीही भाजीची पिशवी हातात धरून वेळ सांगतो. हरीभाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठे. ते केमिकल कंपनीत मीटर-गेजच्या खात्यात होते. एखादा व्हॉल्व्ह उघडण्याआधी तो बंद कसा करायचा ते पाठ पाहिजे, हे त्यांना तिथे शिकवलं होतं. रिटायर होताना माणसाने असलं काही गेटवर जमा करून यावं. हे घरी घेऊन आले.

"परतीचं काय?" हा त्यांचा मंत्र. गाडीत चढण्याआधी परतीची गाडी विचारणार, हे मी समजू शकतो, तो माझाच धंदा होता. पण हा माणूस दाताच्या डॉक्टरला, "काढलेला दात नाय पटला तर परत बसवाल का?" असं विचारून आला. गॅसची टाकी बदलण्याआधी मोबाइलवर जुन्या टाकीचा फोटो. सलूनमध्ये बसल्यावर आधी स्वतःच्या डोक्याचा फोटो, चारही बाजूंनी. कारागीर वैतागून म्हणाला, "काका, बिघडलं तर ह्या फोटोवरून केस परत चिकटवू काय?" हरीभाऊ गंभीरपणे म्हणाले, "तोच तर तुमच्या धंद्यात दोष हाय."

लग्न त्यांनी केलं नाही. मुली बघितल्या, पोहे खाल्ले, एका ठिकाणी तर सुपारी फुटायची वेळ आली होती. आदल्या दिवशी म्हणाले, "सगळं ठीक हाय, पण परतीचं काय?" मुलीच्या मामाने त्यांना परतीचा रस्ता तिथल्या तिथे दाखवला.

मला हे सगळं विनोदी वाटायचं, अजूनही वाटतं. पण याचं मूळ मला पुढे त्यांच्या बहिणीकडून कळलं. हरीभाऊ मूळचे जोह्याचे. पेणजवळचं हे गाव म्हणजे घरटी गणपती. माजघरात गणपती, पडवीत गणपती, माणसं आपली उरलेल्या जागेत. मोकलांचा कारखानाही बापजाद्यांपासूनचा. हरीभाऊ सोळा वर्षांचे असताना वडिलांनी त्यांच्या हातात बारीक ब्रश दिला आणि आखणीला बसवलं. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. सगळ्यात शेवटचं काम आणि सगळ्यात अवघड, कारण तिथे खाडाखोड नाही. हरीभाऊंनी एका ओळीतल्या सगळ्या गणपतींचे डोळे रंगवले. प्रत्येक गणपती एकाच वेळी दोन वेगवेगळ्या भक्तांकडे बघत होता. वडिलांनी ब्रश काढून घेतला आणि धाकट्या सुलोचनाच्या हातात दिला. तो परत कधी हरीभाऊंच्या हाती आला नाही. पुढच्या वर्षी ते रोह्याला कंपनीत चिकटले.

ही सुलोचना, म्हणजे सुलूताई, आज तो कारखाना चालवते. लग्न गावातच झालं, नवरा लवकर गेला, मुलगी पनवेलला दिली. बाई वाघीण आहे. गडी-बाया मिळून दहा-बारा माणसं हाताखाली, आणि आखणी अजून स्वतः करते. तिच्या कारखान्यात हरीभाऊंचा शिरकाव झाला तो कंप्युटरच्या मार्गाने. गिऱ्हाइकांची नोंदणी, मूर्तींचे फोटो, कुठली मूर्ती कुठल्या गावाला जायची, हे सगळं त्यांनी हौसेने कंप्युटरवर घातलं. दर महिन्याला तो बिघडायचा आणि दर महिन्याला सुलूताईचा फोन यायचा, "दादा, बंद पडलाय." हरीभाऊ पिशवी उचलून निघायचे.

गेल्या वर्षाआधीच्या वर्षी मात्र कडेलोट झाला. चतुर्थी दहा दिवसांवर, दारात टेम्पो उभे, आणि कंप्युटरने आपणहून अपडेट व्हायला घेतलं. गोल गोल चक्र फिरत राहिलं. ते दीड दिवस फिरलं. सुलूताईने हातातला रंगाचा वाडगा खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "दादा, येत्या सीझनला ह्यो एकदा जरी अडला ना, तर खाडीत नेऊन टाकीन. आणि मंग तूपण ह्यात हात घालायचा नाय. माझी वही बरी नि मी बरी."

त्या खेपेला मीही बरोबर होतो. परत येताना गडब गेलं, नागोठणं गेलं. रोहा स्टँडवर उतरल्यावर हरीभाऊ म्हणाले, "कंट्रोलर, तिथं मला दुसरं काय काम हाय रे? रंग येत नाय, माती येत नाय. कंप्युटर गेला की मी पाव्हणा. चहा घ्या नि निघा."

आणि दुसऱ्या दिवसापासून लिनक्सचं भूत मानगुटीवर बसलं.

लिनक्स म्हणजे काय, हे मला हरीभाऊंनी पुलावर उभं राहून समजावलं. कंप्युटर चालवणारी मूळ विद्या, तीही फुकट. पण ती एकच नाही. ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने सजवलेली. "गणपती एक, कारखाने गल्लोगल्ली," ते म्हणाले. प्रत्येकाला डिस्ट्रो म्हणतात. त्यातला एक असा निवडायचा, जो स्वतःहून काही उद्योग करणार नाही आणि पडलाच तर सुलूताईच्या एका बोटाने उठेल. म्हणजे ठीक चालत असताना त्याचा आतून-बाहेरून एक फोटो काढून ठेवायचा, आणि बिघडला की त्या फोटोबरहुकूम परत जायचं. हे ऐकल्यावर मी कपाळावर हात मारला. या माणसाला जन्मभर जे पाहिजे होतं, ते जगात कुठेतरी निघालंच होतं.

सहा-सात महिने परीक्षा चालल्या. मला त्या इंग्रजी नावांचा पत्ता लागेना, म्हणून मी पडद्यावरच्या चित्रांवरून बारशी केली. पुदिना, सरडा, टोपीवाला, भोवरा. सकाळी हरीभाऊ कुंपणावरून सांगायचे, "सरडा हुशार हाय, पण सुलूला झेपायचा नाय." "टोपीवाल्याला दर सहा म्हैन्यांनी नवीन कपडे लागतात." "भोवरा म्हातारा हाय, पण घरंदाज." आमच्या हिला वाटायचं भाऊंनी वधू-वर मंडळ काढलं.

परीक्षेला एक अडाणी माणूस लागायचा. तो मी. "तुझ्याइतकं कोरं डोकं आख्ख्या रोहा तालुक्यात मिळायचं नाय," हे त्यांनी मला प्रेमाने सांगितलं. मला सुलूताईच्या जागी बसवायचे. मी नुसता बसून चालेना. सुलूताईचे हात मातीचे असतात, म्हणून परातीत शाडू भिजवून माझे हात त्यात बुडवले. तिच्या कानाला फोन असतो, म्हणून माझ्या कानाला फोन. मागे गडी ओरडत असतात, म्हणून हरीभाऊ स्वतः मागे उभं राहून ओरडायचे, "ताय, वडखळवाला आलाय! ताय, दोन फुटी कुठं ठेवू?" आणि मध्येच वायर ओढून लाईट घालवायचे. मी चिखलाच्या बोटाने कीबोर्ड चाचपडतोय, कानाशी फोन, समोर काळा पडदा. आमची ही दारातून हे बघून परत गेली.

शेवटी पुदिना पास झाला. पेनड्राइव्ह लावायचा, सुरू करायचा, समोर तारखांची यादी येते, त्यातली एक धरायची आणि एंटर. मी, चिखलाच्या हातांनी, माझाच चहा निवायच्या आत कंप्युटर उठवला. हरीभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या गेलं होतं ते शाडूचं.

होळीनंतर आम्ही जोह्याला जाऊन ते सगळं बसवलं. हरीभाऊंनी सुलूताईला समोर बसवून भाषण सुरू केलं. फोटो म्हणजे काय, तारीख म्हणजे काय, मागे जाणं म्हणजे काय. वीस मिनिटं झाली. सुलूताई मूर्तीच्या सोंडेवरून ओलं फडकं फिरवत ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे मूळ साचा कपाटात जपून ठेवायचा. मूर्ती फुटली तर साच्यातून दुसरी काढायची. येवढंच ना?"

हरीभाऊंचं भाषण तिथेच संपलं. कोपऱ्यात एक म्हातारी घासकाम करत होती, ती पदर तोंडाला लावून हसली. निघताना हरीभाऊंनी शेवटचा सल्ला दिला, "आणि आता त्या चिठ्ठ्या बंद कर गो सुलू. सगळं ह्यात हाय."

चिठ्ठ्या म्हणजे जोह्याची जुनी रीत. मूर्ती ठरली की गिऱ्हाइकाचं नाव-गाव एका कागदावर लिहून मूर्तीच्या पाटाखाली चिकटवायचं. सुलूताई "व्हय व्हय" म्हणाली.

सीझन आला. श्रावण संपता संपता एका शुक्रवारी दुपारी माझ्याकडे हरीभाऊ धावत आले. पायात चपला दोन वेगवेगळ्या. "चल. जोह्याला. आत्ता." हा माणूस परतीचं न विचारता निघालाय म्हटल्यावर मीही घाबरलो.

झालं होतं असं. सुलूताईने अपडेटला होकार दिला, ते चालू असताना लाईट गेली आणि पुदिना आडवा झाला. सुलूताईने कोणालाही फोन न करता पेनड्राइव्ह लावला, यादी उघडली. फोटो रोज आपोआप निघायचा, त्यामुळे यादीत गुरुवार होता, बुधवार होता. पण दादा आपल्या घरी मोडून बघतो तो सोमवारी, हे तिला पक्कं माहीत. तिने मुहूर्ताचा म्हणून सोमवार धरला आणि एंटर मारलं. कंप्युटर टुणकन उठला. चहाही लागला नाही. फक्त मंगळवारपासून शुक्रवारपर्यंतची सगळी नोंदणी त्याच्या पोटातून गेली होती. ऐन सीझनचे चार दिवस. त्यातच नोंदणीला मदत करणाऱ्या तिच्या नणंदेच्या मुलीने पडद्यावर रिकामी दिसली म्हणून एक दीड फुटी मूर्ती दुसऱ्यांदा दिली, आणि ती दोन्ही गिऱ्हाइकं आता अंगणात एकमेकांकडे बघत उभी होती. तेव्हा कुठे तिने दादाला फोन केला.

हरीभाऊंनी खुर्चीत बसून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. फोटो काढताना यंत्रणेचाच काढायचा असतो, नोंदणीच्या फायली त्यातून वगळायच्या असतात. मागे जायचं ते कंप्युटरने. माणसांचं काम आहे तिथे राहिलं पाहिजे. पण आमचे हरीभाऊ पडले अतिदक्ष. काही सुटायला नको म्हणून त्यांनी सगळ्याचाच फोटो घेतला होता. म्हणून मागे जाताना सगळंच मागे गेलं.

"चूक माझी हाय," ते उभे राहून म्हणाले. "तुझी नाय, त्याची नाय. माझी." आणि वायर गुंडाळायला लागले. गेल्या खेपेचं खाडीचं बोलणं मला आठवलं. त्यांनाही आठवलं असणार.

"दादा, वायर सोड," सुलूताई म्हणाली. "त्यो लंबोदर उचल बघू. कंट्रोलरभाऊ, तुमीपण हात लावा."

आम्ही मूर्ती अलगद तिरकी केली. पाटाखाली चिठ्ठी होती. नाव, गाव, फोन, वार. शेजारच्या मूर्तीखालीही होती. पुढच्या ओळीत सगळ्यांखाली होत्या. बाईने एक दिवससुद्धा चिठ्ठ्या बंद केल्या नव्हत्या.

"अगो, मी सांगितलं होतं ना बंद कर म्हणून?" हरीभाऊ म्हणाले.

"तूच सांगतोस ना रे, परतीचं काय म्हणून?" ती म्हणाली आणि आखणीला बसली.

उरलेली दुपार हरीभाऊ जमिनीवर आडवे पडून, गाल फरशीला टेकवून, एकेका गणपतीखालून नावं वाचत होते आणि मी एका बोटाने लिहीत होतो. अंगणातली गिऱ्हाइकंही चिठ्ठ्या शोधायला लागली. दोघांतल्या एकाने बाजूची मूर्ती पसंत केली, म्हणाला, हिचे डोळे जास्त बोलके आहेत. संध्याकाळपर्यंत चार दिवस परत भरले. हरीभाऊंनी नोंदणी फोटोतून वेगळी काढली, तीनदा मोडून बघितलं, तीनदा उठवलं. नोंदणी जागची हलली नाही.

त्यानंतर कंप्युटर एकदाही अडला नाही. चतुर्थी झाली, विसर्जनं झाली, दसरा गेला. सुंठीवाचून खोकला गेला म्हणावं तर इथे सुंठ घेऊन बसलेलाच कासावीस झाला. कारण कंप्युटर बिघडत नाही, म्हणजे सुलूताईचा फोन नाही. आधी हरीभाऊ रोज, मग दिवसातून तीनदा मोबाइल काढून रेंज बघायला लागले. मला म्हणायचे, "तुझ्या फोनवरून मला लाव रे, वाजतो का बघू." वाजायचा. दोन सोमवार तर "गेलाऽऽ" ऐकूच आलं नाही. मी आधण ठेवून वाट बघितली, शेवटी चहा एकट्याने घेतला. कुंपणावरून विचारलं तर म्हणाले, "आता मोडून काय बघायचं? उठतोच तो."

खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. पण आमच्यात तसलं बोलायची पद्धत नाही.

दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी फोन वाजला. भिंतीपलीकडून मला हरीभाऊंचा आवाज आला, "काय? सुरूच होत नाय? आवाज येतो का? लाल दिवा लागतो का? हात लावू नको, मी निघालो!" पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या पंधरवड्यालाही तेच. मला शंका आली. एवढा चाळून घेतलेला पुदिना, त्याला हे काय नवीन दुखणं? चौथ्या वेळी मीही बरोबर गेलो.

जोह्याला पोचलो तेव्हा कारखान्यात नव्या सालच्या कच्च्या मूर्ती रांगेने सुकत होत्या. कंप्युटरवर फडकं झाकलेलं. हरीभाऊंनी फडकं काढलं, बटण दाबलं आणि तो निमूट सुरू झाला. मी तोंड उघडणार, एवढ्यात त्यांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मग चष्मा लावून ते आतली रोजनिशी बघायला लागले. कंप्युटर कधी सुरू झाला, कधी बंद झाला, त्याचं त्यानेच लिहिलेलं असतं. मला आता तेवढं वाचता येतं. सकाळी सात वाजता सुरू. कुठलीही तक्रार नाही. साडेसातला बंद. आणि सुलूताईचा फोन आला होता आठ वाजता.

"काय झालंय रे दादा?" आतून सुलूताईने विचारलं.

"मोठं काम हाय," हरीभाऊ पडद्याकडे बघत म्हणाले. "बरं झालं बोलावलंस."

"मंग जेवूनच जा. तांदळाच्या भाकऱ्या टाकल्यात." वालाचं बिरडं तर केव्हाच शिजून तयार होतं. वाल भिजवून, मोड आणून, सोलून मग बिरडं होतं; फोन करण्याआधी दोन दिवस बाईने ते भिजत घातले असणार. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी पुष्कळ बघितली. पण इथे ताक देणारी आणि मागणारा, दोघेही आपापलं भांडं पाठीमागे धरून होते.

जेवणं झाली. हरीभाऊंनी कंप्युटर बंद केला, फडकं घातलं. सुलूताई आली, तिने एक कच्ची मूर्ती आणि पॉलिश पेपरचा तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. "बसलायस तर येवढं घासून दे. घासकामाची म्हातारी आज नाय आली. हलक्या हाताने, सोंड जप."

हरीभाऊंनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या, मांडी घातली आणि मूर्ती मांडीवर घेतली. म्हणाले, "खोल गेलं तर परत भरता येतं का गो?"

"घासकामात येतं," सुलूताई म्हणाली. "माती लावायची."

ते घासायला लागले. एक झाली, दुसरी घेतली. हात कोपरापर्यंत पांढरे झाले, भुवया पांढऱ्या झाल्या. मी दारात बसून होतो. जोह्याहून पेणला साडेचारची गाडी धरली, तरच पुढे रोह्याची गाडी मिळते. ती हुकली की हाल आहेत. सव्वाचार झाले. मला वाटलं, आता विचारतील. साडेचार झाले. वळणावर गाडीचा हॉर्न वाजला, गाडी थांबली, दोन बाया चढल्या, गाडी गेली. हरीभाऊंनी मान वर केली नाही. ते सोंडेच्या आतल्या वळणात बोट घालून खरखर लागते का बघत होते.

सगळा जन्म मी लोकांना गाड्यांच्या वेळा सांगितल्या. ती एक नाही सांगितली.